शेजारी राष्ट्रांचे सहकार्य : वळिवड्याच्या छावणीपासून सार्कपर्यंत

गडमुडशिंगीच्या शेजारीच गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, दुकानात भरायचा घाऊक माल, काहीही हवे असले की करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतली माणसे तिकडे वळतात. कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले व्यापारीही याच बाजारात येतात. ही पेठ सिंधी निर्वासितांनी उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण ज्या बराकींत सिंधी कुटुंबे येऊन राहिली त्या बराकी आधी पोलंडच्या लोकांसाठी बांधल्या होत्या, हे आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना माहीत असते. दोन्ही वेळा माणसे इतक्या लांब फेकली गेली त्याचे कारण एकच होते. शेजारी राष्ट्रांना एकमेकांसोबत नांदता आले नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सार्कची स्थापना कधी झाली, सचिवालय कुठे आहे, युरोपीय संघाचे सदस्य किती, हे सगळे तोंडपाठ असते. एका गुणाच्या प्रश्नाला तेवढे पुरते. पण हे संघ का निघाले, एक चालला आणि दुसरा का अडला, आणि त्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध काय, हे सनावळीतून कळत नाही. म्हणून आम्ही हा विषय वळिवड्यापासून सुरू करत आहोत.

एकच छावणी, दोन फाळण्या

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याच्या गुप्त भागात पोलंडची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला रशिया पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला पाठवण्यात आली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि समीकरण पालटले. पोलंडचे लंडनमधील निर्वासित सरकार आणि रशिया यांच्यात समझोता झाला, डांबलेल्या पोलिश लोकांची सुटका झाली आणि १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक इराणमध्ये पोहोचले. तिथून काही कुटुंबे जहाजाने कराचीला आणि कराचीहून पुढे कोल्हापूर संस्थानात आली.

वळिवड्याची वसाहत १९४३ मध्ये सुरू झाली. सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथे राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, कारण पुरुष सैन्यात होते किंवा मरण पावले होते. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथके असे एक छोटे पोलंडच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला त्याची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे, पण संख्येने मोठी वसाहत आपली होती.

युद्ध संपले तरी त्यांची घरवापसी झाली नाही. याल्टाच्या परिषदेत बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाकडेच ठेवला. ज्या गावांतून ही माणसे उचलली गेली ती गावे आता दुसऱ्या देशात होती. काही जण नव्या पोलंडमध्ये गेले, पुष्कळ जण ब्रिटनला आणि तिथून पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत पांगले. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. पंजाब आणि बंगाल या प्रांतांची फाळणी होऊन त्यांचा एकेक भाग भारतात आला. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचे निघणे वाढले. उल्हासनगर आणि पिंपरीप्रमाणे वळिवड्यालाही त्यांची छावणी झाली आणि पुढे तिचे नाव गांधीनगर पडले. पाच वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या खंडांची दुर्दैवे एकाच बंदरातून, कराचीतून, निघून एकाच बराकीत उतरली.

इथून पुढे मात्र दोन्ही गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या. पोलंड आणि जर्मनी आज एकाच संघात आहेत. पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आला आणि डिसेंबर २००७ पासून त्याच्या जर्मनीशी असलेल्या सीमेवरची पासपोर्ट तपासणी थांबली. अलीकडच्या काळात स्थलांतर रोखण्याच्या नावाखाली अशा तपासण्या अधूनमधून परत सुरू होतात, पण त्या अपवाद म्हणून होतात. वळिवड्यात वाढलेल्या पोलिश माणसांची मुले-नातवंडे कोल्हापूरला येतात. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. वॉर्सामध्येही वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी त्याला भेट दिली. गांधीनगरमधल्या एखाद्या आजोबांना मात्र सिंधमधले आपले गाव पाहायला जाणे आजही जवळपास अशक्य आहे. विमानाने गेले तर ते गाव वॉर्सापेक्षा कितीतरी जवळ आहे.

निघायचीही परवानगी नसलेली माणसे

फाळणीच्या गोष्टीत एक पान नेहमी गळते, ते इथे नोंदवले पाहिजे. सिंधमधून व्यापारी, नोकरदार, जमीनदार निघाले. सफाई कामगारांना निघू दिले गेले नाही. त्यांचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून पाकिस्तान सरकारने त्यांना अडवले. मैला कोण उचलणार, हा प्रश्न नव्या इस्लामी राष्ट्रालाही जुन्याच पद्धतीने सोडवायचा होता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले आणि १८ डिसेंबर १९४७ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही अडवणूक मांडली. हलकी कामे करायला माणसे हवीत म्हणून त्यांना ठेवून घेतले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात आलेल्या अस्पृश्य निर्वासितांना छावण्यांत नीट वागणूक मिळत नाही, हीही तक्रार त्याच पत्रात आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे.

पूर्वेकडे जोगेंद्रनाथ मंडल यांचे उदाहरण आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. एप्रिल १९५० मध्ये नेहरू आणि लियाकत अली खान यांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार केला, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्व बंगालमधल्या दलितांवरील अत्याचारांचा पाढा वाचत मंडल यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात आले. त्यांच्या मागून येत राहिलेली नमोशूद्र कुटुंबे दंडकारण्यात, आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा-चामोर्शी भागातही वसवली गेली. दिल्लीत सह्या झालेल्या करारात अल्पसंख्याक आयोगांची तरतूद होती, पण दोन्ही सरकारांवर बंधनकारक अशी कायम यंत्रणा नव्हती. 

'शेजारी राष्ट्रांचे सहकार्य' हा परराष्ट्र खात्यातल्या साहेबांचा विषय आहे असे समजून आपल्या चळवळी त्याकडे पाठ फिरवतात. हे आम्हाला पटत नाही. शेजाऱ्यांचे बिनसते तेव्हा त्याची किंमत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कोण मोजतो, याचे उत्तर वरच्या दोन परिच्छेदांत आहे.

युरोपने काय केले

युरोपीय संघाची सुरुवात प्रेमातून झाली नाही. १८७०, १९१४ आणि १९४० अशी सत्तर वर्षांत तीनदा फ्रान्स आणि जर्मनी लढले होते. भांडणाचे मूळ सीमेवरच्या कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या कारखान्यांतही होते, कारण तोफा-रणगाडे त्यातूनच बनत. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला की दोन्ही देशांचे कोळसा आणि पोलादाचे उत्पादन एका सामाईक अधिकारी मंडळाखाली आणावे. १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी तसा करार केला.

त्यांनी सर्वांत तापलेला विषयच आधी हातात घेतला, हे विसरता कामा नये. त्यासाठी एक मंडळ नेमले, ज्याचे निर्णय सहाही सरकारांवर बंधनकारक होते, आणि तंटा झाला तर न्यायालय दिले. खाणी बंद पडल्या तर कामगारांच्या पुनर्वसनासाठी पैशाची तरतूद केली. १९५७ च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठ आली. त्याच करारात समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन हे कलम होते आणि कामगारांसाठी सामाजिक निधीही होता. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने आजचा युरोपीय संघ आकाराला आला. १९९० मध्ये एकत्र झालेल्या जर्मनीने पोलंडशी असलेली सीमा त्याआधीच कराराने कायमची मान्य केली होती; पुढे सामाईक चलन आले आणि पूर्वेचे देश आत आले. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडल्यावर आता २७ सदस्य आहेत.

युरोपला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. रोम करारावर सही करणारा फ्रान्स तेव्हाच अल्जीरियात वसाहतीचे युद्ध लढत होता. आज भूमध्य समुद्रात बुडणारे निर्वासित हे त्याच संघाच्या दाराशी मरतात. आपसातली कुंपणे काढताना त्यांनी बाहेरचे कुंपण उंच केले. तरीही फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध होईल अशी कल्पना आज कोणी करू शकत नाही, ही गोष्ट लहान नाही.

पंचशील करार आणि बाबासाहेबांचा आक्षेप

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शेजाऱ्यांच्या एकीची स्वप्ने कमी नव्हती. मार्च-एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली. १९५५ मध्ये बांडुंगची परिषद झाली. त्या दोहोंच्या मध्ये, २९ एप्रिल १९५४ रोजी, भारत आणि चीन यांनी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराबाबत करार केला. त्याच्या प्रस्तावनेत पाच तत्त्वे होती: एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचा आदर, आक्रमण न करणे, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित, आणि शांततामय सहजीवन. त्यांना पंचशील हे नाव मिळाले.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी या नावावरच बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. शील हे माणसाने स्वतःहून स्वीकारायचे आणि पाळायचे असते. ते तडजोडीच्या कागदावर छापून दोन सरकारे सज्जन होत नाहीत. त्या कराराची मुदत आठ वर्षांची होती. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध झाले.

बाबासाहेब शेजाऱ्यांशी मैत्रीच्या विरोधात होते असा अर्थ कोणी काढू नये. १९५० मध्ये ते श्रीलंकेला बौद्ध परिषदेसाठी गेले, १९५४ मध्ये रंगूनला गेले, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बोलले. नागपूरच्या दीक्षेनंतर सुमारे महिनाभराने झालेला हा शेवटचा परदेश प्रवास होता. त्यांचा आक्षेप मैत्रीला नव्हता. तो यंत्रणा आणि नैतिक बळ दोन्ही नसलेल्या घोषणांना होता.

सार्क : विषयच दाराबाहेर

दक्षिण आशियाचा संघ काढण्याची कल्पना १९८० मध्ये बांगलादेशचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी पुढे केली. भारताला शंका होती की लहान शेजारी मिळून आपल्याला घेरतील. पाकिस्तानला शंका होती की या निमित्ताने भारत सगळ्यांवर वर्चस्व गाजवेल. अशा दोन शंकांच्या मधोमध ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांनी सार्कच्या सनदेवर सह्या केल्या. १९८७ मध्ये काठमांडूत सचिवालय सुरू झाले आणि २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला.

सनदेच्या दहाव्या कलमात दोन ओळी आहेत. प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा. आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळावेत. सार्कचे पुढचे सगळे आयुष्य या दोन ओळींत मावते. युरोपने तापलेला कोळसाच आधी उचलला. सार्कने काश्मीर, पाणी, सीमा, निर्वासित हे सगळे सभागृहाबाहेर ठेवले आणि आत हवामान, शेती, क्रीडा, संस्कृती यांवर समित्या नेमल्या. बाहेर ठेवलेले विषय दरवेळी दार तोडून आत आले. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला, भारताने इस्लामाबादच्या शिखर परिषदेला जायला नकार दिला, बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्ताननेही दिला. नोव्हेंबर २०१४ ची काठमांडूची अठरावी परिषद हीच सार्कची शेवटची शिखर परिषद ठरली आहे. त्या परिषदेतही वाहनांना एकमेकांच्या देशांत जाऊ देणारा करार पाकिस्तानच्या नकारामुळे बारगळला होता. एकाचे नाही म्हणजे सर्वांचे नाही.

भूगोलही अवघड आहे. सार्कमधल्या लोकसंख्येचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकट्या भारतात आहे. भारत वगळता इतर सदस्यांत, पाकिस्तान-अफगाणिस्तान सोडले तर कोणत्याही दोन देशांची जमिनीवरची सीमा एकमेकांना लागत नाही. नेपाळला बांगलादेशात जायचे तर वाट भारतातून. त्यामुळे भारताने पुढाकार घेतल्याशिवाय काही हलत नाही, आणि पुढाकार घेतला की दादागिरीचा आरोप होतो. त्यावर उतारा म्हणून १९९६ मध्ये इंद्रकुमार गुजराल यांनी लहान शेजाऱ्यांना परतफेडीची अपेक्षा न ठेवता देण्याचे धोरण मांडले. ते चालले तेवढे दिवस फळ मिळाले.

सार्कची व्हिसा सवलत योजना आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. १९९२ पासून ती लागू झाली. मंत्री, न्यायाधीश, खासदार, अधिकारी, उद्योजक, पत्रकार, खेळाडू अशा २४ गटांना तिचा लाभ. शेतकरी, मजूर, विद्यार्थी, फाळणीने तुटलेली कुटुंबे यांच्यासाठी त्यात रकाना नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी ही योजनाही रद्द केली आणि पाकिस्ताननेही तसेच केले.

कांदा, संत्री आणि कापड

आर्थिक बाजू पाहू. १९९३ मध्ये सार्क देशांनी एकमेकांना जकातीत सवलती देण्याचा करार केला. जानेवारी २००४ मध्ये मुक्त व्यापाराचा, म्हणजे साफ्टाचा, करार झाला आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू आहे. तरीही या देशांच्या एकूण व्यापारापैकी आपसातला व्यापार सुमारे पाच टक्केच आहे. युरोपीय संघात तो सुमारे साठ टक्के आहे.

या पाच टक्क्यांत महाराष्ट्राचा कांदा आहे. आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. दिल्लीत दर वाढले की सरकार निर्यात थांबवते: २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२०, आणि पुन्हा ८ डिसेंबर २०२३. लासलगावला भाव पडतो आणि ढाक्यात भाव चढतो. २०१९ च्या बंदीनंतर शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी हसत हसत ऐकवले होते की आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती. हसण्यावारी नेण्यासारखे ते नव्हते. पुरवठ्याचा भरवसा गेला की गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधतो, आणि स्वतःच्या शेतात कांदा लावतो. विदर्भातल्या वरूड-मोर्शीच्या संत्र्यांची गोष्ट उलट आहे. तिथे बांगलादेशने आयात शुल्क वर्षागणिक वाढवले आणि बागायतदार अडचणीत आला. दोन्ही बाबतींत निर्णय एका राजधानीत झाला आणि दुसऱ्या देशाशी बसून बोलण्याची सक्ती कोणावर नव्हती.

कापडाचा मामला आपल्या अगदी अंगणातला आहे. २०११ मध्ये भारताने सार्कमधल्या अल्पविकसित देशांना दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून सगळ्या मालावरची जकात माफ केली. बांगलादेशचे तयार कपडे त्यामुळे स्वस्त येऊ लागले. ते चिनी कापडापासून शिवलेले असतात आणि इथला धंदा मारतात, अशी देशातल्या वस्त्रोद्योगाची तक्रार आहे. इचलकरंजीचे माग कधी चालतात, कधी बंद पडतात, त्याला विजेचा दर आणि सुताचा भावही तितकाच कारणीभूत आहे. पण समोरच्या बाजूने कोण शिवते आहे हेही पाहावे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. मालाची ये-जा मोकळी करणाऱ्या साफ्टामध्ये कामगाराच्या वेतनाबद्दल किंवा सुरक्षिततेबद्दल काही नाही. इचलकरंजीचा मागवाला आणि ढाक्याची शिलाईवाली यांना करार एकमेकांचे स्पर्धक बनवतो. दोघांचे वेतन एका पातळीखाली जाऊ नये असे म्हणणारे कलम त्यात कोणी घातले नाही.

२०२५ मध्ये तर ही ये-जाही आखडली. एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशच्या मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली, बांगलादेशने जमिनीच्या मार्गाने येणारे भारतीय सूत थांबवले, आणि मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील असे ठरवले. पाकिस्तानशी व्यापार तर २०१९ पासून जवळपास बंदच आहे.

मोकळी सीमा

जिथे सहकार्य खरोखर आहे तेही सांगायला हवे. ३१ जुलै १९५० च्या करारामुळे भारत आणि नेपाळचे नागरिक एकमेकांच्या देशात राहू शकतात, काम करू शकतात. आपल्या भागातून लुंबिनीला जाणाऱ्या उपासक-उपासिकांना व्हिसा लागत नाही तो याच कारणाने. भूतानमधली जलविद्युत केंद्रे भारताच्या मदतीने उभी राहिली आणि तिथली वीज आपल्याकडे येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची वीज भारताच्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशात पोहोचली. २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या पोटात अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल केली आणि कोणत्याच देशाची नसलेली हजारो माणसे नागरिक झाली. या सगळ्या गोष्टी दोन-तीन देशांनी आपसात केल्या, सार्कच्या बाहेर. बिमस्टेक हा १९९७ मध्ये निघालेला बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट आता पाकिस्तानला वगळून तेच काम करू पाहतो.

मोकळ्या सीमेची काळी बाजू मुंबईने पाहिली आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुरा परिसरातल्या छाप्यांत सुटका झालेल्या मुलींत सुमारे दोनशे नेपाळच्या होत्या. नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला महिनोन्‌महिने टाळाटाळ केली. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी १२८ जणींना नेले. परत गेलेल्यांपैकी काहींनी शक्ती समूह ही संस्था काढली, जिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्त्रिया व मुलांच्या व्यापाराविरुद्ध सार्कचा करार व्हायला २००२ उजाडले. सरकारांच्या आधी या मुलींनी शेजारधर्म उभा केला, असे आम्ही म्हणू.

रोहिणीचे पाणी

आपल्या वाचकांना शाक्य आणि कोलीय यांचा तंटा सांगायला नको. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी तोच मांडला आहे. दोन शेजारी गणराज्ये, मधून वाहणारी रोहिणी, आणि पाण्यावरून युद्धाचा ठराव. सिद्धार्थाने सुचवले की दोन्ही बाजूंनी दोघे-दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्यांनी निवाडा करावा. संघाने बहुमताने ते फेटाळले. तो घर सोडून गेल्यावर मात्र लोकच युद्धाविरुद्ध उठले आणि रोहिणीच्या पाण्याच्या प्रत्येक तंट्यासाठी एक कायम लवाद मंडळ नेमायचे ठरले, ज्याचा निर्णय दोघांनीही मानायचा. कायम, आणि दोघांवर बंधनकारक. हा मजकूर शुमान यांच्या प्रस्तावाशेजारी ठेवून वाचावा असा आहे. रोहिणी आजही नेपाळमधून उतरून गोरखपूरकडे वाहते.

दक्षिण आशियात याच्या सर्वांत जवळ जाणारी रचना १९ सप्टेंबर १९६० च्या सिंधू पाणी करारात होती. दोन आयुक्तांचा कायम आयोग, त्यावर तटस्थ तज्ज्ञ, त्यावर लवाद. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही तो करार मोडला नाही. एप्रिल २०२५ पासून भारताने तो स्थगित ठेवला आहे. दहशतवादाला आळा बसेपर्यंत तो स्थगित राहील, अशी सरकारची भूमिका आहे.

नदीचा तंटा दोन राष्ट्रांतच होतो असे नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीत अलमट्टीचे नाव घरोघरी पोहोचले. कर्नाटकाला धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. तरी पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे जलसंपदा विभाग विसर्गाची माहिती एकमेकांना देतात आणि त्यावर पंचगंगाकाठची गावे हलवायची की नाही हे ठरते. कृष्णेचा लवाद आहे, वर सर्वोच्च न्यायालय आहे, म्हणून भांडण मोर्चे आणि दाव्यांपुरते राहते.

भारत आणि बांगलादेश यांच्यावर असे न्यायालय नाही. फरक्क्याच्या पाण्याची वाटणी १२ डिसेंबर १९९६ च्या करारावर चालते. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत दर दहा दिवसांचा प्रवाह मोजून वाटा ठरतो आणि दोन्ही देशांचे अभियंते तो एकत्र मोजतात. करार तीस वर्षांचा आहे. डिसेंबर २०२६ मध्ये त्याची मुदत संपते. तिस्तेच्या पाण्याचा असाच करार २०११ मध्ये सहीपर्यंत आला होता आणि पश्चिम बंगालच्या आक्षेपाने थांबला तो थांबलेलाच आहे.